ग्रामरच्या ऑनलाइन धड्यात निसटलेली चूक वेगळी, मुरलेली चूक वेगळी

इंग्लिश ग्रामरचे ऑनलाइन धडे बनवताना बरेच जण फक्त स्कोअर बघतात, चार उत्तरं चुकली की टॉपिक पुन्हा शिकवा. पण चुका दोन जातीच्या असतात आणि स्क्रीनवर दोन्हींना तीच लाल फुली.

निसटलेली म्हणजे नियम येतो, पण घाईत "शी गो टू ऑफिस" होऊन जातं. परत बघ म्हटलं की शिकणारा स्वतःच "गोज" करतो. मुरलेल्या चुकीत कितीदाही परत बघ म्हणा, त्याला वाक्यात काही खटकतच नाही, कारण त्याच्या मनातल्या नियमाप्रमाणे ते बरोबरच असतं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये मिस्टेक (निसटलेली) आणि एरर (मुरलेली) असा हाच फरक मांडला, शिकणाऱ्याने आत्तापर्यंत कोणते नियम मनात धरलेत ते एररमधूनच कळतं असं त्यांचं म्हणणं.

आता आपल्या वडोदऱ्याचं बघा. दांडिया बाजारातल्या मराठी घरातली मुलगी लिहिते, "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स". घरी "दहा वर्षांपासून राहतेय" आणि "२०१५ पासून राहतेय", बाहेर गुजरातीत "दस वरसथी" आणि "२०१५थी", म्हणजे किती काळ झाला ते सांगा की कधी सुरू झालं ते सांगा, पासून काय नि थी काय, दोन्हीकडे चालतं, वर क्रियापदही वर्तमानकाळी. इंग्लिशला मात्र दहा वर्षांसाठी फॉर हवं, २०१५ साठी सिन्स, आणि क्रियापद "हॅव बीन लिव्हिंग". एका वाक्यात दोन मुरलेल्या चुका, आणि घर नि बाजार दोन्ही त्यांना रोज खतपाणी घालतात! तिला टेन्सचा चार्ट देऊन भागणार नाही, मराठी वाक्य शेजारी ठेवूनच समजवायला हवं.

नुसतं वाक्य बघून मात्र चूक कोणत्या जातीची ते ठरवू नका, "गोज"मधला एस एकाचा निसटतो तर दुसऱ्याला तो लागतो हेच ठाऊक नसतं. म्हणून उत्तर लगेच दाखवू नका, "इथे काहीतरी गडबड आहे" एवढंच सांगून दुसरी संधी द्या. आणि सिन्स की फॉर असे दोनच पर्याय नकोत, एक चुकला की उरलेलाच बरोबर, त्यातून काय कळणार? पूर्ण वाक्य टाइप करू दे, तेही दोन-तीन वेगळ्या प्रसंगांत.

ज्याचं निसटतं त्याला तोच व्हिडिओ परत दाखवला तर तो कंटाळून निघून जातो, त्याला टायमर लावून बोलायचा सराव द्या. मुरलेल्या चुकीवर टायमर नको, घाईत तीच चूक आणखी पक्की होते, तिथे आधी सावकाश समजावणं आणि मग भरपूर वाक्यं.