मोटारीतला मॅग्नेट उतरला का? (मोटार भरायला देणाऱ्यांसाठी माहिती)

मोटार दुकानात आणून ठेवली की बरेच जण पहिलं हेच विचारतात, "मालक, ह्यातला मॅग्नेट उतरला का?", म्हणजे त्याची ओढ कमी झाली का. तर आधीच सांगतो, लूमची, गिरणीची, बोअरची जी नेहमीची मोटार असते तिच्यात मॅग्नेट बसवलेला नसतोच, त्यामुळं उतरायचा प्रश्न नाही. (नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी लाईट खाणाऱ्या फॅनमध्ये असतो, ते वेगळं.)

मॅग्नेट तयार होतो तो करंटमुळं. तारेतून करंट गेला की शेजारच्या होकायंत्राची सुई हलते हे १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं दाखवलं, आणि उलटं पण होतं, मॅग्नेट हलवला तर जवळच्या वेटोळ्यात करंट येतो, हे फॅरेडेनं १८३१ मध्ये. तुमच्या मोटारीत ही दोन्ही कामं एकदमच चालू असतात.

बाहेरच्या स्टेटरमध्ये आम्ही जी तांब्याची तार भरतो तिच्यात तीन फेज एकामागून एक चढतात उतरतात, त्यामुळं आत मॅग्नेट गोल फिरल्यासारखं होतं, फोर पोल मोटारीत (म्हणजे मॅग्नेटची चार टोकं तयार होतील अशी तार भरलेली) मिनिटाला १५०० फेरे. आतल्या रोटरला लाईटची एक पण वायर जोडलेली नसते बघा, त्यात नुसत्या ॲल्युमिनियमच्या नाहीतर तांब्याच्या पट्ट्या असतात, पण फिरत्या मॅग्नेटमुळं त्यांच्यात आपोआप करंट येतो आणि रोटर त्याच्यामागं ओढला जातो. मोटारीवरच्या माहितीच्या प्लेटवर १४४० फेरे लिहिलेलं असतं ते ह्यामुळंच, रोटर थोडा मागंच राहायला लागतो, बरोबरीनं पळाला तर पट्ट्यांत करंट येणार नाही आणि ओढ पण संपेल.

आता मोटार कशामुळं जळते ते. रोटर जितका मागं पडेल तितका करंट वाढतो, एकदम थांबलेला असेल तर नेहमीच्या पाच-सात पट. चालू करताना तेवढा लागतोच, पण तो सेकंदापुरता. बेअरिंग जाम, पंपात वाळू अडकलेली, किंवा एक फेज गेलाय आणि मोटार नुसती घूं घूं करतीय, तर तोच करंट मिनिटभर राहतो आणि तारेवरचं इनॅमल जळून जातं. करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, त्यात आपल्या सोलापूरचा मे महिना. होल्टेज कमी असलं तरी तेच, दहा टक्के कमी झालं तर मोटारीची ताकद एकोणीस टक्के कमी होते, मग ती लोडखाली दबून जास्त करंट खाते. लोकांना वाटतं कमी होल्टेजला मोटार आरामात चालते, उलट आहे.

कोणी स्वस्तात भरून देतो म्हणाला तर वेटोळी किती घातली ते विचारा. वेटोळी कमी पडली की लोखंडात मॅग्नेट गरजेपेक्षा जास्त होतो, रिकामी मोटार पण गरम होते, आणि ते वरून दिसत नाही.

म्हणून जळालेली मोटार आणताना स्टार्टर पण घेऊन या, ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा) किती ॲम्पियरवर लावलाय ते आम्ही बघू. बऱ्याचदा ट्रिप व्हायला लागली म्हणून कोणीतरी तो फुल करून ठेवलेला असतो. आणि प्लेट तेवढी काढू नका मोटारीवरची.