वाहनचालनातील आत्ममूल्यमापन : कोकणपट्टी

आपण गाडी किती चांगली चालवतो याबद्दल माणसाने स्वतःच बांधलेला अंदाज, आणि चालवताना त्याला वाटणारा विश्वास, आनंद, धास्ती किंवा चीड, यांचा विचार वाहतूक-मानसशास्त्रात एकत्र केला जातो. या क्षेत्रातला सर्वांत ठळक निष्कर्ष असा, की बहुतेक चालक स्वतःला इतरांपेक्षा सरस समजतात. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या कोकणपट्टीत घाट, अरुंद रस्ते, चार महिन्यांचा पाऊस आणि सणासुदीला मुंबईहून उतरणारी गर्दी यांमुळे ही समजूत कशी घडते आणि कशी टिकते ते विशेष स्पष्ट दिसते.

स्वीडिश मानसशास्त्रज्ञ ओला स्वेन्सन यांचा १९८१ सालचा अभ्यास या विषयात नेहमी उद्‌धृत केला जातो. अमेरिका आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना त्यांनी आपापल्या गटातल्या इतरांच्या तुलनेत स्वतःची जागा ठरवायला सांगितले. कौशल्याच्या बाबतीत अमेरिकी गटातल्या ९३ टक्के आणि स्वीडिश गटातल्या ६९ टक्के जणांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवले. सुरक्षितपणाच्या बाबतीत हेच आकडे ८८ आणि ७७ टक्के आले. वरच्या निम्म्यात मावतात निम्मेच. त्याआधी, १९६५ मध्ये, कॅरोलिन प्रेस्टन आणि स्टॅन्ली हॅरिस यांनी अपघात होऊन रुग्णालयात दाखल झालेल्या ५० चालकांची तुलना अपघात न झालेल्या ५० चालकांशी केली होती. दोन्ही गटांनी आपल्या चालवण्याबद्दल दिलेले मत जवळपास सारखेच निघाले.

इथे हिशेबाची एक खोच आहे. दहा चालकांपैकी नऊ जणांना एकही अपघात नाही आणि एकट्याला पाच, असे असेल तर ते नऊ जण खरोखरच सरासरीपेक्षा बरे ठरतात. म्हणून 'आपण सरासरीपेक्षा चांगले' म्हणणारा प्रत्येक जण फुशारकी मारतो असे नाही. स्वेन्सन यांनी मात्र सरासरी विचारली नव्हती, रांगेतली जागा विचारली होती, आणि तिथे ही पळवाट चालत नाही.

चांगला चालक कोणाला म्हणायचे

बहुतेक घोळ या प्रश्नाशी आहे. डेव्हिड डनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले, की गुण जितका मोघम, तितका माणूस त्यात स्वतःला वर बसवतो, कारण मोजपट्टी निवडण्याची मुभा त्यालाच असते. निकष नेमका ठरवून दिला की फुगवटा ओसरतो. कोकणात अशा मोजपट्ट्यांना तोटा नाही.

पहिली मोजपट्टी घाटाची. पोलादपूर आणि खेडच्या मधला कशेडी, चिपळूणजवळचा परशुराम, कऱ्हाडकडे चढणारा कुंभार्ली, कोल्हापूरच्या वाटेवरचा आंबा, सावंतवाडीहून बेळगावकडे जाणारा आंबोली. 'रात्रीचा कुंभार्ली उतरलोय' एवढे सांगितले की पुढचा चालक गप्प बसतो. घाटात खरोखर लागणारे कसब मात्र मोजकेच आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढतो साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून न राहता इंजिनाच्या जोरावर वेग आवरायचा, आंधळ्या वळणावर हॉर्न देऊन आपली बाजू सोडायची नाही, आणि रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचे. हे शेवटचे तर नियमातच आहे. यात वेग कुठेच येत नाही. गप्पांत मात्र पहिला तोच येतो, 'पनवेल ते चिपळूण किती तासांत' या रूपाने.

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणे हेही अनेकांना मुरलेल्या चालकाचे लक्षण वाटते. कार्बोरेटरच्या काळात त्यात थोडे तथ्य होते. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारे इंधन तोडतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते ते जळतच राहते. म्हणजे बचत नाहीच, आणि गाडीचा सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की पकड सोडतात, हे वर्कशॉपमधला कोणीही सांगेल. तरी ही सवय बापाकडून मुलाकडे कसब म्हणूनच जाते.

दुसरी मोजपट्टी गावच्या रस्त्याची. एका अंगाला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या अंगाला गटार, समोरून एसटी. अशा वेळी पुढे घुसण्यापेक्षा रुंद जागेपर्यंत गाडी मागे घेता येणे महत्त्वाचे असते, आणि मागे घेणे हीच अनेकांची दुखरी नस. पावसाळ्यात साइडपट्टी भुसभुशीत झालेली असते. बाजू द्यायला डावे चाक खाली उतरवले की तांबड्या चिखलात रुतते. कुठल्या वळणावरची पट्टी धरते आणि कुठली दगा देते, हे त्या वाटेने रोज जाणाऱ्याला ठाऊक असते. फेरीबोटीवरही अशीच परीक्षा होते. दाभोळ–धोपावे, वेश्वी–बागमांडले, जयगड–तवसाळ अशा फेऱ्यांत उतरत्या धक्क्यावरून गाडी बोटीवर चढवायची आणि दुसऱ्या गाडीला जेमतेम अंतर ठेवून लावायची असते. तेही धक्क्यावरचे सगळे बघत असताना. महामार्गावर शंभराने जाणाऱ्याचे हात इथे घामेजतात.

तिसरी मोजपट्टी मागे बसणाऱ्यांची असते. पोटातले पाणी हलू न देणारा चालक तो चांगला. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांचा निवाडा तर उलटीवरच ठरतो. मौज अशी, की चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही. पुढचे वळण, ब्रेक, झोका हे सगळे तोच घडवत असल्याने शरीर आधीच सावध असते. त्यामुळे ज्या चालवण्यामुळे मागचे चौघे पिवळे पडलेले असतात, ते चालकाला मात्र छान सफाईदार वाटत असते.

या तिन्ही कसोट्यांना उतरणारा म्हणून लोक आजही एसटीच्या चालकाकडे बोट दाखवतात. राज्यात एसटी १ जून १९४८ रोजी पुणे–नगर मार्गावर सुरू झाली. कोकणातल्या वाडीवस्तीला बाहेरच्या जगाशी जोडले ते तिच्या वस्तीच्या गाड्यांनी. विनाअपघात सेवेबद्दल चालकांचा सन्मान करण्याची पद्धत महामंडळात आहे, म्हणजे इथे निदान एक ठरलेला निकष तरी आहे. खासगी गाडीवाल्याला तसा निकष कोणी लावत नाही.

फिनलंडचे तिमो लायुनेन आणि हेइक्की सुम्माला यांनी १९९५ मध्ये केलेल्या प्रश्नावलीत गाडी हाताळण्याचे कौशल्य आणि सुरक्षितपणे चालवण्याचे कौशल्य वेगवेगळे मोजले जाते. ही विभागणी कोकणात फार उपयोगी पडते. हात बसलेला आहे, पण वळणावर ओव्हरटेक सोडवत नाही, असे चालक प्रत्येक गावात असतात आणि त्यांचे कौतुकही होते.

नंबरप्लेटवरून निवाडा

गणपती आणि शिमगा या दोन सणांना चाकरमानी गावी येतात आणि एकाच रस्त्यावर दोन प्रकारचे चालक एकत्र होतात. रत्नागिरीची एमएच ०८, सिंधुदुर्गची एमएच ०७ आणि मुंबई-ठाण्याकडच्या पाट्या पाहून माणूस क्षणात ओळखला जातो. गाववाल्यांच्या मते मुंबईकराला घाट जमत नाही, तो वळणावर मधोमध येतो आणि कारण नसताना ब्रेक मारतो. मुंबईकराच्या मते गाववाल्याला लेन कळत नाही, तो आरसा पाहत नाही आणि फाट्यावरून सरळ महामार्गावर येतो. दोघेही बरेचसे खरे बोलतात. प्रत्येक जण दुसऱ्याला आपल्या मोजपट्टीने मोजतो, म्हणून दोघेही आपापल्या नजरेत वरच्याच निम्म्यात राहतात. दुसऱ्याची चूक हा त्याचा स्वभाव आणि आपली चूक ही परिस्थिती, हा मनुष्यस्वभाव इथे पाटीच्या आकड्यांना चिकटतो इतकेच.

किनाऱ्यावर वाळूत गाडी घालणारे पर्यटक हा याच अंदाजाचा आणखी एक प्रकार. ओलसर वाळू सुरुवातीला डांबरासारखी घट्ट वाटते, चालकाला आपल्या हाताचा भरवसा वाटतो, आणि भरती चढू लागली की चाके खोल जातात. मग ट्रॅक्टर आणि दोर घेऊन गावकरीच धावतात. समुद्र कधी भरतो हे न पाहता गाडी खाली नेणाऱ्याला सफाईदार हाताचा काही उपयोग नसतो.

भीती, हौस आणि ताबा

स्वतः चालवताना न वाटणारी भीती दुसरा चालवू लागला की वाटते. फ्रँक मकेना यांनी १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये केलेल्या अभ्यासात, आपण चालक असताना अपघाताची शक्यता लोकांना आपण प्रवासी असतानापेक्षा कमी वाटते, असे दिसले. याला नियंत्रणाचा आभास म्हणतात. वळणावर नसलेला ब्रेक पायाने दाबणारा पुढच्या सीटवरचा काका हे त्याचे घरगुती रूप.

ताबा आपल्याकडे आहे ही जाणीव जशी धीर देते, तशीच जिथे ताबा चालतच नाही तिथेही ती टिकून राहते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह वाहने वाहून गेली. चालवणाऱ्याच्या हाताचा त्यात काही संबंध नव्हता. दरडी, धुके, पुलावरून जाणारे पाणी यांना कौशल्य पुरे पडत नाही, हे कोकणात सगळ्यांना माहीत असते. म्हणून नवी गाडी आली की ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले जाते आणि घाटातल्या देवळापाशी हॉर्न वाजवून किंवा नाणे टाकून पुढे जातात. हात सराईत आणि तरी देवाला साकडे, यात चालकाला विसंगती वाटत नाही. मला वाटते, आत्मविश्वासाच्या सगळ्या प्रश्नावल्यांपेक्षा हे वागणे जास्त प्रामाणिक आहे.

सर्वच जण स्वतःला वर बसवत नाहीत. जस्टिन क्रूगर यांनी १९९९ मध्ये दाखवले, की सोप्या वाटणाऱ्या कामांत लोक स्वतःला सरासरीच्या वर धरतात, अवघड वाटणाऱ्या कामांत खाली. कोकणात हे एकाच माणसात पाहायला मिळते. चिपळूण किंवा रत्नागिरी शहरात स्कुटीवर मुलांना शाळेत सोडणारी, बाजार आणणारी, पावसात रेनकोट चढवून बँक गाठणारी बाई घाटात कार चालवण्याबद्दल मात्र 'मला नाही जमायचं' म्हणते. घाट आला की स्टिअरिंग नवऱ्याकडे जाते. सराव होत नाही म्हणून धीर येत नाही, आणि धीर नाही म्हणून सराव होत नाही. तिच्याइतकाच कच्चा असलेला तिचा भाऊ त्याच घाटात दोस्तांना घेऊन जातो, आणि दोन-चार पावसाळ्यांनी तो सराईत ठरतो.

रस्ता बदलला की मोजपट्टीही बदलते. मुंबई–गोवा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक १७ आणि आताचा ६६, याचे चौपदरीकरण २०११ पासून रेंगाळत चालले आहे. कशेडीचा बोगदा २०२३ च्या गणेशोत्सवात प्रथम एका बाजूने खुला झाला. ज्या घाटाच्या जोरावर एका पिढीने स्वतःला चालक म्हणवून घेतले, तो आता पंखे आणि दिवे लावलेल्या बोगद्यात काही मिनिटांत संपतो. जेराल्ड वाइल्ड यांनी १९८२ मध्ये मांडले, की रस्ता सुरक्षित वाटला की लोक तो फायदा वेगात खर्च करतात. हा सिद्धांत सर्वांना मान्य नाही, पण काँक्रीटच्या रुंद पट्ट्यावरून अचानक जुन्या दुपदरी तुकड्यावर येणाऱ्या गाड्यांचा वेग पाहिला की तो आठवतो.

शिकवणे आणि तपासणे

चुकीचा अंदाज अनुभवाने दुरुस्त व्हावा, पण रस्ता क्वचितच उत्तर देतो. वळणावर केलेला ओव्हरटेक समोरून कोणी आले नाही म्हणून निभावतो, आणि निभावला म्हणजे जमला असे धरले जाते. समोरच्याने ब्रेक मारून वाचवले, हे कित्येकदा वाचलेल्याला कळतही नाही.

नुसते कौशल्य वाढवूनही हे सुटत नाही. स्वीडनमध्ये निल्स पेटर ग्रेगर्सन यांनी १९९६ मध्ये तरुण चालकांच्या दोन गटांना निरनिराळे शिक्षण दिले : एकाला अचानक थांबण्या-चुकवण्याचे तंत्र, दुसऱ्याला आपली मर्यादा दाखवणारे अनुभव. प्रत्यक्ष कौशल्यात दोन्ही गट सारखे निघाले. पहिल्या गटाला मात्र स्वतःचे कौशल्य जास्त वाटू लागले होते. आपल्याकडच्या ड्रायव्हिंग स्कूलचा भर क्लच-गिअरवर आणि परवान्याच्या चाचणीवर असतो. पावसात, रात्री, समोरच्या अप्परचा झोत डोळ्यांवर घेत चालवणे प्रत्येक जण पुढे आपले आपण शिकतो.

वयाबरोबर हा अंदाज पुन्हा बदलतो. मुंबईतली नोकरी संपवून गावी घर बांधणारे आणि मग हौसेने गाडी घेणारे निवृत्त चाकरमानी कोकणात बरेच आहेत. लोकलमध्ये आयुष्य गेलेले असते, परवाना जुना असतो, हात नवा. त्यांतले शहाणे आपोआप रात्रीचे आणि मुसळधार पावसातले चालवणे सोडतात. वयस्कर चालकांत ही स्वतःहून घातलेली मर्यादा जगभर आढळते. मोतीबिंदू हळूहळू उतरत असल्याने समोरच्या दिव्यांनाच 'हल्ली फार प्रखर असतात' म्हणणारेही असतात. चाळिशीनंतर परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. त्याआधी खासगी गाडीच्या परवान्याला अर्जदाराचे स्वतःचे निवेदन पुरते : फीट येते का, आणि चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, याचे उत्तर तो स्वतःच लिहितो आणि खाली सही करतो.