मोबाइलमधल्या प्रवासी कागदपत्रांच्या प्रती

पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, आधार, लायसन्स, ट्रॅव्हल इन्शुरन्सची पॉलिसी, हॉटेलचं बुकिंग ह्या सगळ्याचे फोनमध्ये ठेवलेले फोटो किंवा पीडीएफ, आणि ते भलत्याच्या हातात जाऊ नयेत म्हणून केलेली सोय, हे दोन्ही ह्या नोंदीत येतं. पूर्वी लोक पासपोर्टच्या दोन झेरॉक्स काढायचे, एक बॅगेत आणि एक घरी कपाटात. आता सगळं गॅलरीत असतं, लग्नाचे फोटो, गुड मॉर्निंगची फुलं आणि त्यातच मधे कुठेतरी पासपोर्टचं पहिलं पान. भीती सगळ्यांना हॅकरची वाटते, पण नीट बघितलं तर ह्या प्रती बाहेर जातात त्या आपणच कुणाकुणाला पाठवलेल्या असतात म्हणून.

कुठली प्रत चालते

हे आधी समजून घ्यावं, कारण फोनमधल्या सगळ्या प्रती सारख्या नसतात. डिजिलॉकर हे केंद्र सरकारचं अ‍ॅप १ जुलै २०१५ ला डिजिटल इंडियाबरोबर सुरू झालं आणि २०१७ च्या नियमदुरुस्तीनंतर त्यात सरकारी खात्याकडून थेट आलेला कागद मुळासारखाच धरला जातो. रेल्वेनेही २०१८ मध्ये डिजिलॉकरमधलं आधार आणि लायसन्स ओळखपत्र म्हणून मान्य केलं, पण त्यात एक मेख आहे, ते ‘इश्यूड डॉक्युमेंट्स’ मधलंच, म्हणजे खात्याकडून आलेलंच हवं, आपण स्वतः फोटो काढून डिजिलॉकरमध्ये अपलोड केलेला असेल तर तो टीसीसाठी साधा फोटोच. बरेच लोक तोच दाखवत बसतात आणि वर वाद घालतात. गाडीचं लायसन्स आणि आरसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ह्या सरकारी अ‍ॅपवर दाखवलं तरी चालतं, तेही २०१८ पासूनच.

पासपोर्टचं मात्र तसं नाही. नेपाळसारखा अपवाद सोडला तर भारतातून बाहेर पडताना पुस्तिका हातात लागतेच. नेपाळला विमानाने जायचं तरी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ लागतं, आणि तिथे आधार सरसकट चालत नाही हे खूप जणांना एअरपोर्टवर कळतं. मग पासपोर्टचा फोटो ठेवायचा कशाला, तर हरवला तर. परदेशात पासपोर्ट गेला की आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग आपला दूतावास किंवा वाणिज्य दूतावास, आणि घाई असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं ज्यावर फक्त भारतात परत येता येतं. ह्या सगळ्यात जुना नंबर, कधी आणि कुठे दिला गेला ते विचारतात आणि हे कुणाला पाठ नसतं, प्रत असली की फॉर्म पटकन भरून होतो. म्हणून पहिलं आणि शेवटचं दोन्ही पानं ठेवावीत, आणि चालू व्हिसाचं पानही.

प्रती कशा पसरतात

सगळी गंमत इथे आहे. टूरवाला म्हणतो पासपोर्ट व्हॉट्सअ‍ॅप करा, आपण फोटो काढतो, तो गॅलरीत बसतो, तिथून आपोआप गूगल फोटोजवर चढतो, व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेली एक प्रत वेगळी, समोरच्याच्या गॅलरीत एक, त्याच्या ऑफिसातल्या कंप्यूटरच्या डाउनलोड्समध्ये एक, आणि फॅमिली ग्रुपवर ‘बाबांचा पासपोर्ट कुणाकडे आहे का’ विचारल्यावर ताईने परत टाकलेला आणखी एक. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज वाटेत कुणी वाचू शकत नाही हे खरं, पण क्लाउडवर जाणाऱ्या बॅकअपला तसं कुलूप २०२१ पासून उपलब्ध असलं तरी ते सेटिंगमध्ये जाऊन आपणच लावायचं असतं, ते कोण करतं. शिवाय गूगल फोटोजच्या सर्चमध्ये नुसतं ‘पासपोर्ट’ टाका, सगळे फोटो समोर हजर, म्हणजे ज्याच्या हातात उघडा फोन आहे त्याला शोधाशोधही करायला नको.

दुसरं ठिकाण म्हणजे झेरॉक्सचं दुकान. प्रिंट हवी म्हणून दुकानदाराच्या नंबरवर किंवा ईमेलवर फाइल पाठवायची, तो प्रिंट देतो, दहा रुपये घेतो आणि फाइल तिथेच राहते. त्याच्या मनात काही नसतं, पण तो कंप्यूटर दिवसभर कोण कोण वापरतं ते त्यालाही सांगता येणार नाही. प्रिंट झाल्यावर समोर उभं राहून डिलीट करायला सांगावं, लाजायचं काही कारण नाही.

ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून लोक निर्धास्त असतात. तो पासवर्ड म्हणजे इंग्रजीतल्या नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल, आणि हे सरकारी वेबसाइटवरच लिहिलेलं आहे. नाव फाइलवर, जन्मसाल पन्नाशीच्या केकवर! त्यामुळे ह्या पासवर्डवर विसंबू नये. हॉटेलला वगैरे द्यायला मास्क्ड आधार आहे, त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. काही रिसेप्शनवर ते बघून नाक मुरडतात, तेव्हा लायसन्स पुढे करावं.

बोर्डिंग पासला कुणी कागदपत्रांत धरतच नाही. पीएनआर (बुकिंगचा नंबर) आणि आडनाव एवढ्यावर बऱ्याच एअरलाइनच्या साइटवर अख्खं बुकिंग उघडतं, आणि पीएनआर बारकोडमध्येही असतो त्यामुळे आकड्यांवर बोट ठेवून काढलेला फोटो कामाचा नाही. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी अ‍ॅबट ह्यांनी २०२० मध्ये बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, एका माणसाने त्यावरून लॉगिन करून त्यांचा पासपोर्ट नंबर आणि फोन नंबर शोधून काढला. त्याने ते सरकारला आणि एअरलाइनला कळवलं म्हणून निभावलं.

ठेवायचं कुठे

गॅलरी सोडून कुठेही, असं म्हटलं तरी चालेल. अँड्रॉइडवर फाइल्स बाय गूगलमध्ये सेफ फोल्डर असतं, गूगल फोटोजमध्ये लॉक्ड फोल्डर, सॅमसंगमध्ये सिक्युअर फोल्डर, आयफोनमध्ये नोटला कुलूप लावता येतं आणि आयओएस १६ पासून हिडन अल्बमही फेस आयडीने बंद राहतो. लॉक्ड फोल्डरमधले फोटो बॅकअप चालू केल्याशिवाय क्लाउडवर जात नाहीत, म्हणजे फोन रिसेट झाला की गेले. आणि ह्यातल्या काहींना फोनचाच पिन चालतो, तो १२३४ असेल आणि घरातल्या सगळ्या पोरांना माहीत असेल तर कुलूप लावून न लावल्यासारखंच. फोटो हलवल्यावर गॅलरीतला मूळ फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या सेंट फोल्डरमधला फोटो राहिला का तेवढं बघावं.

अ‍ॅप्सना गॅलरीची परवानगी देतानाही ‘सगळे फोटो’ असं देऊ नये, अँड्रॉइड १४ आणि आयओएस १४ पासून निवडक फोटोच देता येतात. आरटीओ चलनाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर जी एपीके फाइल (म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल) येते ती तर उघडायचीच नाही, तिला परवानग्या मिळाल्या की फोनच दुसऱ्याचा.

डिजियात्रा हे विमानतळावरच्या प्रवेशाचं अ‍ॅप, हा थोडा वेगळा प्रकार, १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळूर आणि वाराणसीला सुरू झाला आणि पुढच्या वर्षी पुणे-मुंबईत आला. चेहरा दाखवून गेटमधून आत. माहिती प्रवाशाच्याच फोनवर राहते आणि विमानतळाकडे गेलेली माहिती विमान सुटल्यावर २४ तासांत पुसतात असं चालवणारे सांगतात, चेहरा द्यावा की नाही ह्यावर मतं वेगळी आहेत आणि अ‍ॅप ऐच्छिक आहे.

आपणच बाहेर अडकणं

जास्त कुलपं लावणाऱ्यांची ही अडचण. डिजिलॉकर उघडायला रजिस्टर मोबाइलवर ओटीपी लागू शकतो आणि परदेशात उतरल्या उतरल्या लोक भारतातलं सिम काढून डबीत ठेवतात. फोनच चोरीला गेला तर गूगलचं लॉगिनसुद्धा त्याच फोनवर परवानगी मागतं. अशा वेळी लॉगिन करायला गूगल आधीच आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड देतं, ते कागदावर लिहून पाकिटापासून वेगळे ठेवावेत. नेट नसतानाही उघडेल अशी एक प्रत फोनच्या लॉक्ड फोल्डरमध्ये, आणि एक घरी अशा माणसाकडे जो फोन उचलतो. कागदी झेरॉक्सही अजून बाद झालेली नाही, बॅटरी संपली की तीच कामाला येते.

फोन भारतात हरवला तर पोलिसांत तक्रार करून संचार साथी ह्या सरकारी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, ब्लॉक करता येतो, ही सोय मे २०२३ पासून देशभर आहे. पण ब्लॉक केल्याने फोन नेटवर्कवर चालत नाही एवढंच, आतले फोटो तसेच राहतात. ते पुसायला गूगल किंवा अ‍ॅपलच्या साइटवरून लांबून इरेज करावं लागतं, आणि तो हुकूम फोन नेटवर आला तरच पोचतो, म्हणून तक्रारीच्या रांगेत उभं राहायच्या आधी दुसऱ्याच्या फोनवरून इरेज टाकावं.

ट्रिप झाल्यावर टूरवाल्याकडची प्रत काढायला सांगावी, आपल्याकडच्या जास्तीच्या प्रती काढाव्यात आणि मग ट्रॅशही रिकामी करावी, कारण गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस पडून असतात आणि आयफोनवर ३० दिवस.