काशाच्या नाण्यांची मोजदाद

इ.स.पू. ३६४ च्या सुमारास अथेन्सचा सेनापती तिमोथिअस उत्तर ग्रीसमधल्या ऑलिंथस शहराशी लढत होता आणि शिपायांना द्यायची चांदी संपली होती. त्याने काशाची नाणी पाडली. शिपाई कुरकुरू लागले, तेव्हा त्याने त्यांना समजावलं की बाजारात हीच नाणी चालतील. व्यापाऱ्यांना सांगितलं, या नाण्यांनी मुलखातला माल आणि लूट विकत घ्या, उरतील ती माझ्याकडे आणा, चांदी देतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेल्या अर्थव्यवहारावरच्या ग्रंथात ही हकीकत आहे. नाणी किती पाडली, ते मात्र त्यात नाही. ग्रीक शहरांच्या कांस्य नाण्यांचा विषय काढला की प्रत्येक वेळी गाडी इथेच अडते. टांकसाळींच्या वह्या उरल्या नाहीत. उरली ती नाणी, आणि त्यांच्यावरचे ठशांचे माग.

नाणं पाडायला दोन ठसे लागत. एक खाली ऐरणीत बसवलेला, दुसरा वर हातात धरलेला. मध्ये धातूची चकती ठेवून हातोडा मारला की दोन्ही बाजू एकदम उमटत. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे देवीच्या केसांची एखादी बट किंवा अक्षरांमधलं अंतर दोन ठशांत कधीच तंतोतंत जुळत नाही. वरच्या ठशावर हातोड्याचा थेट मार बसतो, म्हणून तो आधी निकामी होतो. खालचा तसाच राहतो आणि नव्या जोडीदाराबरोबर पुन्हा कामाला लागतो. अशा जोड्यांची साखळी लावत गेलं की कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं, ते कळू लागतं. ठशाला गेलेला तडा नाण्यागणिक वाढताना दिसला, तर क्रम पक्काच.

एकोणिसाव्या शतकात या साखळ्यांकडे पाहिलं गेलं ते कालक्रमासाठी. स्विस अभ्यासक फ्रीडरिख इमहूफ-ब्लूमर यांनी १८७८ मध्ये पश्चिम ग्रीसमधल्या अकार्नानियाच्या नाण्यांवर हे काम केलं. १९०६ मध्ये कुर्ट रेगलिंग यांनी दक्षिण इटलीतल्या तेरिना शहराच्या चांदीच्या नाण्यांचा ठसेवार संग्रह छापला आणि पुढच्यांना नमुना मिळाला. किती नाणी पाडली असतील, हा प्रश्न जोर धरू लागला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

त्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला भाग: आज दिसतात त्या ठशांवरून मुळात ठसे किती होते, हे काढायचं. समजा १०० नाणी हाती आहेत आणि त्यांत १२च ठसे पुन्हा पुन्हा भेटतात. मग बहुतेक सगळे ठसे आपण पाहिले. पण त्याच १०० नाण्यांत ६० ठसे निघाले आणि त्यांतले ४० एकेकदाच दिसले, तर पुढचं नाणं अनोळखी ठशाचं निघण्याची शक्यता शेकडा ४० च्या आसपास राहते. एकदाच दिसलेल्यांवरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधायचा हा नियम नाण्यांसाठी जन्मलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मन सांकेतिक संदेश फोडताना अ‍ॅलन ट्युरिंग यांना तो सुचला आणि त्यांचे सहकारी इर्विंग जॉन गुड यांनी १९५३ मध्ये तो छापला. पुढे अमेरिकन गणिती वॉरन एस्टी यांनी तो नाण्यांवर नीट बसवला. एस्टींच्या एका साध्या सूत्राने वरच्या पहिल्या उदाहरणात मूळ ठसे सुमारे १४ निघतात, दुसऱ्यात १५०. आपल्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४० च्या सुमारास आहत नाणी, म्हणजे चिन्हं ठोकून उमटवलेली प्राचीन भारतीय नाणी, तोलून त्यांच्या झिजेला संख्याशास्त्र लावलं होतं. त्यांची वाट वेगळी, पण मुकं नाणं गणिताने बोलतं करायची धडपड तीच.

दुसरा भाग म्हणजे एका ठशातून किती नाणी निघत. इथे पाय घसरतो. डेल्फीच्या मंदिराच्या उभारणीसाठी इ.स.पू. ३३६ च्या सुमारास पाडलेल्या चांदीच्या नाण्यांचा हिशेब दगडावर कोरलेला सापडला आहे, त्यावरून एका खालच्या ठशाला हजारोंच्या घरातले आकडे निघतात. डेव्हिड सेलवुड यांनी स्वतः ठसे बनवून हातोडा चालवला आणि १९६३ मध्ये खालच्या ठशाला १० ते १६ हजार, वरच्याला ५ ते ८ हजार असा अंदाज दिला. फ्रांस्वा द कालाताय यांनी असे अंदाज धरून हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या काळातल्या नाण्यांचे मोठे हिशेब मांडले. थिओडोर बट्री यांनी १९९३ आणि १९९४ मध्ये त्यावर कडाडून हरकत घेतली. ठसा दहाव्या घावाला फुटू शकतो, नाहीतर वर्षानुवर्षं टिकू शकतो, मग सरासरीने गुणायचं कशाच्या आधारावर? मला त्यांचं म्हणणं पटतं, विशेषतः काशाच्या बाबतीत. बट्री सिसिलीतल्या मोर्गांतिनाच्या उत्खननातल्या नाण्यांवर काम केलेले होते. मातीतून वर आलेलं कासं कसं दिसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

ते हिरवट, खाल्लेलं, झिजून गुळगुळीत झालेलं असतं. चकती लहान किंवा ठसा सरकलेला, म्हणून अर्धं चित्र बाहेरच पडलेलं. शिवराईवरची अपुरी अक्षरं जुळवत बसलेल्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको. त्यात संग्राहकांनी आणि लिलावांनी शतकभर चांदीचेच सुबक फोटो छापले. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, १६ हजारांहून अधिक ग्रीक नाणी मिळाली, बहुतेक काशाची आणि रोजच्या देवघेवीत हातून निसटलेली. भाजी-मासळीचा बाजार ज्या नाण्यांवर चालला त्यांचेच ठसे कमी मोजले गेले, ही मला या विद्येतली मोठी उणीव वाटते.

कारण ही नाणी राज्यकर्त्यांना किरकोळ वाटत नव्हती. क्रीटमधल्या गोर्टिन शहराने इ.स.पू. तिसऱ्या शतकात कायदाच केला, की काशाचं नाणं नाकारून चांदीचे ओबोल, म्हणजे लहान नाणी, घेणाऱ्याला दंड. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात सेस्टॉस या ग्रीक शहराच्या नागरिकांनी मेनास नावाच्या गृहस्थाचा गौरव करणारा शिलालेख कोरला. शहराने स्वतःचं कांस्य नाणं का काढलं, याची दोन कारणं त्यात आहेत: आपल्या शहराची मुद्रा चालावी आणि त्यातून मिळणारा नफा लोकांच्या पदरी पडावा. हा नफा केवढा, हे ठरवायला पुन्हा ठसेच मोजावे लागतात.

काशाच्या ठशांची सर्वांत अनपेक्षित कमाई रोमन अमलाखालच्या आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, आली. कोनराड क्राफ्ट यांनी तिथल्या शहरांची नाणी शेजारी शेजारी ठेवली आणि १९७२ मध्ये छापल्या गेलेल्या ग्रंथात दाखवून दिलं, की सम्राटाचा मुखवटा कोरलेला एकच ठसा वेगवेगळ्या शहरांच्या नाण्यांवर येतो. मागच्या बाजूला शहराचं नाव बदलतं, पुढची बाजू तीच. म्हणजे ठसे कोरणारे कारखाने अनेक शहरांना पुरवठा करत होते, किंवा कारागीरच ठसे घेऊन फिरत होते. मग एका शहराच्या नावावर दहा ठसे मांडले, तर त्यांतले काही शेजारच्या शहरातही झिजलेले असणार, आणि दोन्ही शहरांच्या बेरजेत तेच ठसे दोनदा धरले जाणार.