पार्श्वभूमी : ‘पंच’ आणि नेरूलची अराक

गोव्यात ‘पंच’ म्हटलं की आधी पंचायतीवर निवडून आलेला माणूस आठवतो. महाराष्ट्रात त्याला ग्रामपंचायत सदस्य म्हणतील, इथे सरळ पंच. त्याच पंचायतीत सकाळी कर्मचारी यंत्रावर बोट टेकवून ‘पंच’ करतो आणि फाईलला लावायच्या कागदाला पंच मारतो. संध्याकाळी लग्नाच्या हॉलमध्ये पोरांच्या हातात फ्रूट पंच असतं. निवडून आलेला पंच संस्कृत ‘पञ्च’मधला, त्यात वाद नाही. बाकीचे इंग्रजीतून आले. ते सगळे एकाच घरातले असतील असं वाटतं, पण तसं नाही.

कागदाला भोक पाडणारा पंच जुन्या फ्रेंचमधल्या टोच्याच्या नावावरून आला; लॅटिनमधल्या ‘टोचणे’ या धातूपर्यंत त्याचं मूळ जातं. सायकलचं पंक्चर त्याच कुळातलं. बुक्की या अर्थाचा पंचही बहुधा तिथलाच, आधी टोचणं, मग ढोसणं, मग ठोसा. बाहुल्यांच्या खेळातला मोठ्या नाकाचा पंच मात्र इटलीतल्या पुल्चिनेल्ला या विदूषकाचा अवतार. मे 1662 मध्ये सॅम्युएल पीप्सने लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये हा खेळ पाहिल्याची नोंद रोजनिशीत केली आहे. 1841 साली लंडनमध्ये निघालेल्या विनोदी साप्ताहिकाने या बाहुल्याचं नाव घेतलं. तेच नाव पुढे आपल्याकडे लखनौच्या ‘अवध पंच’ने आणि ठाण्याच्या मराठी ‘हिंदुपंच’ने उचललं.

खरा गुंता पेयाचा आहे, आणि त्यात गोवा थेट येतो.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकराने 1632 साली भारतातून लिहिलेल्या पत्रात हे पेय पहिल्यांदा भेटतं. पुढे 1670च्या दशकात जॉन फ्रायर हा कंपनीचा वैद्य या किनाऱ्यावर फिरला. गोव्यातल्या नेरूलला उत्तम अराक ही दारू, म्हणजे ‘नेपा द गोवा’ तयार होते, असं तो सांगतो. या किनाऱ्यावरचे इंग्रज तिचंच पंच बनवतात, आणि पाच जिन्नस पडतात म्हणून हे नाव, हिंदुस्थानीत त्याचा अर्थ पाच, हेही तोच लिहून ठेवतो. दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला हे पुढे रूढ झालेले पाच. आज गोव्याची दारू म्हटली की काजू आठवतो, तो ब्राझीलहून आला; पण ही अराक म्हणजे माडाची. रेंदेराने माडावरून उतरवलेली सूर, म्हणजे माडी, भट्टीवर चढवून काढलेली. ही गोव्याची अराक पुढे अठराव्या शतकात लंडनमध्येही विकली जाई.

पाचाची ही व्युत्पत्ती आपल्याला आवडते, मलाही आवडते. पण ती सिद्ध झालेली नाही, आणि अभिमानापोटी ती सिद्ध झाल्यासारखी सांगू नये. पहिली अडचण उच्चाराची. त्या काळच्या इंग्रजीत या शब्दातला स्वर ‘उ’च्या जवळचा होता, म्हणजे खलाशाच्या तोंडी ‘पुंच’. ‘पाँच’चा ‘पुंच’ का व्हावा? दुसरी अडचण मोजणीची. 1638 साली सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मँडेल्सलो ज्याला ‘पालेपुंट्झ’ म्हणतो, त्यात दारू, गुलाबपाणी, लिंबूरस आणि साखर असे चारच जिन्नस आहेत. म्हणून काहींना जहाजावरच्या मोठ्या पिंपाचं नाव, ‘पंचन’, अधिक पटतं. खलाशांनी ते तोडून ‘पंच’ केलं असावं. त्यालाही ठोस पुरावा नाही.

मोजणीच्या आक्षेपाने मात्र मी फारसा हलत नाही. देवापुढच्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर हे पाच. आमच्या घरी त्यात केळंही पडतं, म्हणून कुणी त्याला षडामृत म्हणत नाही. नाव एकदा बसलं की जिन्नस कमीजास्त होतात. उच्चाराची अडचण मला जास्त खरी वाटते, आणि फ्रायरचं म्हणणं तिथेच अडतं.

पोर्तुगीजांनी हा शब्द नंतर इंग्रजांकडून घेतला. त्यांच्याकडे तो ‘पोंश’ झाला. इथे एप्रिलमध्ये काजूची पहिल्या धारेची हुर्राक उतरते तेव्हा ग्लासात ती ओततात, त्यावर गोड लिंबू-सोडा, अर्धं लिंबू पिळून, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. याला इथे कुणीच पंच म्हणत नाही. हुर्राकच म्हणतात, आणि ते नाव ‘अराक’चंच आहे.