'नाइट टाइम'ची पार्श्वभूमी: मुखवटा बॅटमॅनचा, अंग सुपरमॅनचं

१० ऑक्टोबर १९९८ ला सुपरमॅनच्या ॲनिमेटेड सिरीजमध्ये 'नाइट टाइम' नावाचा एपिसोड लागला. तोच तो, ज्यात बॅटमॅन गायब असतो आणि सुपरमॅन त्याचा ड्रेस चढवून बॅटमॅनच्या शहरात, गॉथममध्ये फिरतो. फॅन लोकांत याचा विषय निघाला की दोन भांडणं ठरलेली. एक म्हणजे याला क्रॉसओव्हर म्हणायचं का, आणि दुसरं म्हणजे आवाज. पहिलं भांडण लवकर मिटण्यासारखं आहे. कट्टर लोक म्हणतात की गोष्ट दोन्ही सिरीजमध्ये धावली तरच क्रॉसओव्हर, एकाच सिरीजमध्ये पाहुणा आला तर तो नुसता गेस्ट रोल. पण सप्टेंबर १९९७ पासून दोन्ही सिरीज एकाच तासाच्या कार्यक्रमात, एकाच नावाखाली दाखवत होते, त्यामुळे शनिवारी सकाळी टीव्हीसमोर बसलेल्या अमेरिकन पोरांना हे घर वेगळं आणि ते घर वेगळं असं काही वाटतच नव्हतं.

एकमेकांचं सोंग घ्यायची सवय या दोघांना जुनीच. १९४१ पासून दोघं एका कॉमिकच्या कव्हरवर हसत उभे असायचे पण आत गोष्टी वेगवेगळ्या. १९५२ मध्ये एका जहाजावर दोघांच्या वाट्याला एकच केबिन आली आणि तिथे एकमेकांचं गुपित कळलं. मग १९५४ मध्ये खर्चापायी त्या कव्हरवाल्या कॉमिकची, म्हणजे 'वर्ल्ड्स फाइनेस्ट'ची, पानं कमी झाली, दोघांना स्वतंत्र गोष्टी द्यायला जागाच उरेना, म्हणून दोघांना एकाच गोष्टीत कोंबलं, आणि अंक ७१ मधल्या त्या पहिल्याच गोष्टीचं नाव काय, तर 'बॅटमॅन, डबल फॉर सुपरमॅन'. सुपरमॅनच्या मागे लागलेली पत्रकार लोइस लेन, तिला गुंडाळण्यासाठी दोघं वेष बदलतात. म्हणजे ज्या अंकापासून यांची नियमित जोडी जमली त्याच अंकात सोंग आहे! पुढची कित्येक वर्षं हा मसाला परत परत वापरला गेला, त्यात फार खोल जाण्यात अर्थ नाही. १९६८ च्या कार्टूनमध्ये दोघांचं नाव एकत्र होतं पण गोष्टी वेगळ्या, आणि १९७३ पासून 'सुपर फ्रेंड्स' कार्टूनमध्ये सगळे हिरो एका हॉलमध्ये बसायला लागले, तिथे मुलांना शिकवण जास्त आणि मारामारी कमी.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची, कागदावर वेष बदलणं फार सोपं असतं. मुखवटा घातला, हनुवटी सारखीच काढली, काम झालं. फुग्यातली अक्षरं कुणाच्या आवाजात वाचायची ते वाचणारा बघून घेतो. आवाजाचा प्रश्न येतो तो रेडिओवर आणि टीव्हीवर. सुपरमॅनची रेडिओ मालिका १९४० मध्ये सुरू झाली, त्यात क्लार्क केंट, म्हणजे साध्या कपड्यातला सुपरमॅन, आणि सुपरमॅन दोन्ही एकच नट करायचा आणि 'हे तर सुपरमॅनचं काम' अशा अर्थाचं वाक्य बोलता बोलता मध्येच आवाज खाली उतरवायचा, ऐकणाऱ्याला कपडे बदलल्याचं तेवढ्यावरून कळायचं. बॅटमॅन आणि त्याचा पोरसवदा साथीदार रॉबिन याच मालिकेत १९४५ मध्ये आले, आणि सुपरमॅनच्या नटाला सुट्टी हवी असली की गोष्ट ओढायला ते बरे पडायचे. म्हणजे एक नाही म्हणून दुसऱ्याने दुकान सांभाळायचं हेही जुनंच, फक्त १९९८ मध्ये गादीवर बसणारा बदलला.

आता १९९७-९८ कडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये 'वर्ल्ड्स फाइनेस्ट' हा तीन भागांचा मोठा एपिसोड आला, त्यात बॅटमॅन सुपरमॅनच्या शहरात, मेट्रोपोलिसला येतो, सुपरमॅन एक्स-रे नजरेने त्याच्या मुखवट्याआडचा चेहरा बघतो आणि बॅटमॅन त्याच्या केपला ट्रेसर चिकटवून त्याचं घर शोधतो, फिट्टंफाट. वर्षभराने उलटा प्रवास, सुपरमॅन गॉथमला. सुरुवात होते रॉकेटवर बसून चोऱ्या करणाऱ्या रॉक्सी रॉकेटपासून. ती बाई बॅटमॅनच्या सिरीजमध्ये सप्टेंबर १९९८ मध्येच आली होती, म्हणजे बघणाऱ्यांच्या डोक्यात ताजी होती, आणि तिच्यामुळे सुपरमॅन गॉथमच्या भानगडीत ओढला जातो. तिथे रिडलर, मॅड हॅटर आणि बेन हे बॅटमॅनचे शत्रू मोकाट, बॅटमॅनचा पत्ता नाही, आणि किल्ला लढवतोय तेरा-चौदा वर्षांचा रॉबिन.

बेनला घेणं हा मला तरी जाणूनबुजून केलेला खट्याळपणा वाटतो. १९९३ मध्ये कॉमिक्समध्ये याच बेनने बॅटमॅनचा कणा मोडला होता, आणि त्यानंतर भलताच माणूस बॅटमॅन बनून गॉथममध्ये बेफाम मारझोड करत सुटला होता, पुढे काही काळ नाइटविंगनेही, म्हणजे पहिल्या रॉबिनने, तो ड्रेस घातला. म्हणजे बॅटमॅनच्या कपड्यात दुसरं कोणीतरी हा विषय तेव्हा जेमतेम पाच वर्षं जुना होता आणि बऱ्यापैकी गंभीर होता. इथे तोच कणामोड्या बेन समोरच्या काळ्या केपवर ताकद लावतो आणि समोर निघतो पोलादी माणूस. बेनचा तो चेहरा बघण्यासारखा आहे.

आता आवाज. निर्मात्यांनी असं ठरवलं की सुपरमॅन लोकांसमोर बॅटमॅन म्हणून बोलेल तेव्हा बॅटमॅनच्याच नटाचा आवाज वापरायचा, आणि रॉबिनबरोबर एकटा असेल तेव्हा सुपरमॅनच्या नटाचा. कारण म्हणून संवादात एवढंच येतं की स्नायूंवर अचूक ताबा असल्यामुळे त्याला हे जमतं. झालं, एका ओळीत निकाल. यावर अजून लोक भांडतात. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. जुन्या कॉमिक्समध्ये सुपरमॅनला वाटेल ती ताकद असायची, आवाज दुसरीकडून काढणं वगैरे, पण १९८६ मध्ये त्याच्या शक्तींना कात्री लावली आणि ही सिरीजही त्याच वळणाची, इथल्या सुपरमॅनला अंतराळात जायला सूट लागतो. एवढा हात आखडता घेतलेल्या सिरीजमध्ये मध्येच नकलेची शक्ती कुठून आली, आणि असा ताबा असेल तर हाच माणूस क्लार्क केंट असताना जवळपास त्याच आवाजात कसा बोलतो? चष्मा घातला की भागलं?

प्रश्न रास्त आहे, पण दुसरी बाजू धरून बघा. समजा सुपरमॅनच्या नटाने बॅटमॅनची नक्कल केली असती. चांगली केली असती तरी ती नक्कलच वाटली असती, आणि मग गॉथमचे कमिशनर, मॅड हॅटर, रिडलर सगळे बहिरे ठरले असते. रिडलरला तर बॅटमॅनच्या सिरीजमध्ये नव्या रूपात धड कामही मिळालं नव्हतं, त्याला इथे आणून मूर्ख दाखवायचं? आवाज खरा ठेवल्याने समोरच्यांची अक्कल शाबूत राहिली आणि विनोद सगळा अंगावर आला, म्हणजे उभं राहण्याच्या ढबीवर, जरा जास्तच सरळ माणुसकीवर, आणि शेजारी रॉबिन आपलं हसू दाबतोय त्याच्यावर. सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात, इथे गुहा, गाडी, ड्रेस सगळं आयतं मिळाल्यामुळे तेही जमून गेलं, अडलं तर गॉथमच्या गुंडांच्या कुंडल्यांपाशी, आणि त्या रॉबिनला पाठ.

शिवाय एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. या एपिसोडमध्ये सोंग एक नाही, दोन आहेत. खरा बॅटमॅन, म्हणजे ब्रूस वेन, सुपरमॅनचा यंत्रबुद्धीचा शत्रू ब्रेनिॲक याच्या ताब्यात आहे, नॅनो यंत्रं अंगात शिरवून त्याला चालवलं जातंय, म्हणजे इकडे बॅटमॅनच्या कातडीत सुपरमॅन आणि तिकडे ब्रूसच्या कातडीत ब्रेनिॲक. बॅटमॅनच्या नटाला सुपरमॅनच्या सिरीजमध्ये येऊन ताबा गेलेला ब्रूस, शुद्धीवर आलेला ब्रूस आणि बॅटमॅन बनलेला सुपरमॅन अशी तिन्ही कामं करावी लागली. १९९२ पासून ब्रूस आणि बॅटमॅन असे दोन वेगळे आवाज काढण्याबद्दल तो ओळखला जायचा, त्यामुळे हे काम त्याच्याकडे जाणं ओघानेच आलं. तो नट २०२२ मध्ये गेला.

नंतरच्या सिरीजवाल्यांनी हाच नियम पाळला, समोर रूप ज्याचं दिसतं आवाज त्याचा. २००६ मध्ये 'जस्टिस लीग अनलिमिटेड'मध्ये वेगवान हिरो फ्लॅश आणि सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर यांच्या शरीरांची अदलाबदल झाली तेव्हा फ्लॅशच्या शरीरातल्या लूथरला फ्लॅशच्याच नटाचा आवाज होता. तोच नट त्या वेळी दुसऱ्या एका टीव्ही मालिकेत सुपरमॅनच्या तरुणपणीचा लूथर करत होता, म्हणजे त्याला लूथरची नक्कल करायला कुठे जायची गरजच नव्हती. त्या एपिसोडमध्ये लूथर आरशासमोर मोठ्या आशेने फ्लॅशचा मुखवटा काढतो आणि त्याला कळतं की या पोराला आपण ओळखतच नाही. 'नाइट टाइम'च्या आवाजावर भांडणारे इथे मात्र पोट धरून हसतात, आणि स्नायूंच्या ताब्याचा मुद्दा कोणी काढत नाही.