काटकोन नसलेल्या घराचा नकाशा : सॉफ्टवेअर निवडण्याआधी
(जुनं घर दुरुस्तीला काढणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

घर दुरुस्तीला काढायचं ठरलं की आधी कोणीतरी मोबाईलवर नकाशाचं ॲप घेतं. खोलीची लांबी-रुंदी टाकली, दारं बसवली, अर्ध्या तासात घर तयार. अडचण इतकीच की ॲपमधलं घर काटकोनात निघतं आणि आपल्याकडची जुनी घरं काटकोनात नसतात. सपरी, म्हणजे पुढची पडवी, रस्त्याच्या वळणाला धरून बांधलेली. मधल्या घराच्या मातीच्या भिंती दीड-दोन फुटांच्या, खाली रुंद, वर निमुळत्या. मागची खोली वाटणीनंतर उरलेल्या जागेत बसवलेली. असं घर मुकाट्यानं चौकोनी करून टाकणारं सॉफ्टवेअर घेऊ नका. म्हणून निवडीच्या आधी मोजणीबद्दल.

चार बाजूंनी खोली ठरत नाही

समजा एक खोली आतून अशी भरली : समोरची भिंत १२ फूट ४ इंच, उजवी १० फूट ६, मागची १२ फूट १, डावी १० फूट २. एवढ्यावर ती काढता येत नाही. खिळखिळी बाज एका अंगाला कलते तेव्हा तिच्या चारही दांड्या तेवढ्याच लांब राहतात, आकार मात्र बदलतो. खोलीचंही तसंच. आकार पक्का होतो तो कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे कर्ण मोजल्यावर. या खोलीचा एक कर्ण १५ फूट ९ इंच आहे, दुसरा १६ फूट ३ इंच. एकावर नकाशा काढायचा, दुसरा पडताळणीला ठेवायचा. काढलेल्या नकाशात दुसरा कर्ण अर्ध्या इंचाच्या आत जुळला तर पुढे जा. दोन इंचांनी चुकला तर कुठलं तरी माप चुकीचं लिहिलं आहे, पुन्हा टेप धरा.

हे न करता खोली सरळ १२ फूट ४ बाय १० फूट २ धरली तर काय होतं ते फरशी बसवताना कळतं. दोन फुटी फरशी समोरच्या भिंतीशी सहा नग आणि चार इंचांचा तुकडा अशी बसते. मागच्या भिंतीशी सहा नगांनंतर उरते एक इंचाची पट्टी. ती कापताना फुटते, आणि फुटली नाही तरी भिंतीचा तिरपेपणा लांबून दिसावा अशी उठून दिसते. नकाशा खरा असता तर फरशीची सुरुवात मधल्या रेषेपासून धरून दोन्हीकडे मोठे तुकडे काढता आले असते.

मोजताना

३० मीटरचा फायबर टेप, ५ मीटरचा लोखंडी टेप, ओळंबा, गवंड्याचा लेव्हल पाईप आणि दोन माणसं लागतात. लेझर मीटर असेल तर कर्ण एकट्यानंही मोजता येतात, पण अंगणात भर उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही. तिथे टेपच.

मातीच्या भिंती खाली-वर सारख्या जाड नसतात, त्यामुळे सगळी मापं एकाच उंचीवर घ्या. जमीन उंच-सखल असते म्हणून ती उंची जमिनीवरून मोजू नका. लेव्हल पाईपनं साऱ्या घरभर तीन फुटांवर खडूची एक रेघ फिरवा आणि तिच्यावरच मोजा. नंतर प्रत्येक खोलीची जमीन त्या रेघेपासून किती खाली आहे तेही लिहा. सपरी आणि मधलं घर यांच्यातली पायरी आणि न्हाणीचा उतार यातूनच कळतो.

गिलावा करून करून कोपरे गोल झालेले असतात. टेपचं टोक खऱ्या कोपऱ्यात पोचत नाही. दोन्ही भिंतींना सरळ पट्ट्या लावा, त्या भेटतील तो कोपरा धरा. दारं, खिडक्या, कोनाडे यांची मापं तुकड्या-तुकड्यानं जोडू नका. एका कोपऱ्यात टेपचा शून्य धरून पूर्ण भिंतीवर सलग आकडे लिहा, नाहीतर प्रत्येक तुकड्यातली चूक पुढे साचत जाते.

भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोजता येते. जिथे दार नाही तिथे बाहेरच्या मापावरून काढावी लागते. तीन खोल्या आतून १२ फूट ४, ९ फूट ८ आणि ११ फूट ३. चार भिंती दीड-दीड फुटाच्या. बेरीज ३९ फूट ३ इंच. बाहेरून टेप ३९ फूट १० दाखवतो. हे सात इंच सोडून देऊ नका. एखादी भिंत तुम्ही धरली त्याहून जाड आहे, किंवा जुनं फडताळ बुजवून आतून भिंत चढवलेली आहे.

आकडे टाकताना होणारी नेहमीची चूक : १० फूट ११ इंच म्हणजे १०.११ फूट नव्हे. तसं टाकलं तर सॉफ्टवेअर १० फूट सव्वा इंच धरतं, साडेनऊ इंचांहून जास्त भिंत गायब होते. एकक फूट-इंच ठेवा. मिस्त्री सुतात बोलत असेल तर आठ सूत म्हणजे एक इंच.

कोणतं सॉफ्टवेअर

घरच्या घरी विचार करायला, दोन-तीन पर्याय काढून बघायला आमच्या मते स्वीट होम थ्रीडी बरं. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही, साध्या लॅपटॉपवर चालतं. प्रत्येक भिंतीची जाडी वेगळी ठेवता येते. भिंतीची उंची सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरी देता येते, त्यामुळे कवेलूच्या छपराखालची उतरती भिंत बरोबर दिसते. कागदावरचा नकाशा स्कॅन करून खाली अंथरता येतो; त्यावरच्या एका रेघेची खरी लांबी सांगितली की सगळं प्रमाणात येतं.

पण त्यात तीन गोष्टी आधीच सांभाळायच्या. भिंत ओढताना ती पंधरा-पंधरा अंशांच्या कोनांना आपोआप चिकटते; पसंतीच्या यादीतून ही चुंबकाची सोय बंद करा, नाहीतर तुमची तिरपी भिंत सरळ होईल. दुसरं, नव्या भिंतीची मुळातली जाडी काही इंचांचीच असते, ती तुमच्या मापानं बदला. तिसरी चूक सगळ्यात जास्त होते : भिंतीची रेघ जाडीच्या मधोमध धरली जाते. दीड फुटी भिंतींच्या खोलीत तुम्ही आतलं माप १२ फूट ४ म्हणून रेघ तेवढीच ओढली, तर आत उरतात १० फूट १० इंच. दोन्हीकडून नऊ-नऊ इंच खाल्ले जातात. रेघा भिंतीच्या मध्यावरून न्या आणि नंतर आतल्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मापाची रेघ ओढून पडताळा.

कर्णांवरून कोपरा शोधायला मात्र लिब्रेकॅड सोपं. तेही फुकट. समोरच्या भिंतीची रेघ काढायची, डाव्या टोकावर १५ फूट ९ चं वर्तुळ, उजव्या टोकावर १० फूट ६ चं वर्तुळ; दोन्ही छेदतात तो मागचा उजवा कोपरा. शिकायला दोन-चार संध्याकाळी जातात. तेवढं नको असेल तर शाळेच्या कंपासपेटीतला कंपास घ्या आणि १:५० प्रमाणात तेच कागदावर करा. १५ फूट ९ म्हणजे ४.८० मीटर, कागदावर ९.६ सेंटिमीटर. तो कागद स्कॅन करून स्वीट होममध्ये अंथरा.

ब्राउझरमध्ये चालणारी सॉफ्टवेअरं, स्केचअपची फुकट आवृत्ती धरून, चांगली आहेत, पण नेटवर्क आणि लाईट दोन्ही एकाच वेळी हवेत. ज्याच्या गावात असतील त्यानं जरूर वापरावीत.

मोबाईलचा कॅमेरा फिरवून नकाशा काढणारी ॲप पहिल्या अंदाजाला ठीक. चुन्यानं पोतलेल्या कोऱ्या भिंतीवर आणि अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याला धरायला खूण सापडत नाही, कोपरे सरकतात. २०२० पासूनच्या आयफोन प्रो मॉडेलांतला लायडार (लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर) अंधारातही मोजतो, पण त्याची पोच साधारण ५ मीटर. लांब सपरी दोनदा घ्यावी लागते आणि जोडावर चूक राहते. यातलं कुठलंही माप गर्डर कापायला वापरू नका.

उपग्रहाच्या चित्रावरूनही घराची बाहेरची रेषा काढू नका. वरून दिसतात ते कवेलू, आणि वळचण भिंतीच्या पुढे आलेली असते. स्वामित्व योजनेतल्या ड्रोन मोजणीची सनद असेल तर मालमत्तेच्या हद्दीसाठी ती उपयोगी आहे, आतल्या भिंतींसाठी नाही.

नकाशात जे आपोआप येत नाही

कुठली भिंत पाडता येईल हे यातलं एकही सॉफ्टवेअर सांगत नाही. जुन्या घरात सागवानी खांब बरेचदा मातीच्या भिंतीत बुजलेले असतात, आणि मयालीचा, म्हणजे आडव्या तुळईचा, भार त्यांच्यावर असतो. वर बघून प्रत्येक मयालीची दोन्ही टोकं कुठे टेकली आहेत ते नकाशात चौकोन काढून दाखवा. भेगाही दाखवा, रुंदी आणि तारखेसह. काळ्या मातीवरचं घर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सारखं राहत नाही. मे महिन्यात बोट जाणारी भेग सप्टेंबरात मिटलेली दिसू शकते. भिंत किंवा खांब हलवायचा असेल तर इंजिनिअरला घर प्रत्यक्ष दाखवा, नुसता नकाशा नको.

‘आहे तसं’ आणि ‘करायचं तसं’ अशा दोन वेगळ्या फायली ठेवा. पहिलीला नंतर हात लावू नका.

छापून आणताना

४० फुटी घर १:५० प्रमाणात साधारण साडेचोवीस सेंटिमीटर होतं, ए३ कागदावर नीट बसतं. ए४ वर १:१०० घ्या. झेरॉक्सच्या दुकानात ‘पानावर बसवा’ हा पर्याय चालू असतो, तो बंद करायला सांगा. त्यानं प्रमाण बिघडतं आणि मिस्त्री पट्टीनं मोजून चुकतो. नकाशाच्या कोपऱ्यात ५ मीटरची एक रेघ काढून ठेवा. १:५० मध्ये ती कागदावर बरोबर १० सेंटिमीटर भरली पाहिजे.

आमच्याकडे तपासायला देताना पीडीएफ व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की आकडे पुसट होतात. मूळ फाईल आणि मापं लिहिलेल्या वहीच्या पानांचे फोटोही सोबत द्या. वहीत कर्ण नसतील तर आम्ही नकाशा तपासायला घेत नाही, आधी ते मोजून आणायला सांगतो.